तू सरळ मागितलंस तेव्हा

दोन हजार तेवीस साल. मी शहात्तर वर्षांचा. धान कापून झालं होतं, ज्यांच्या घरी शेती त्यांच्या अंगणात पेंढ्या येऊन पडल्या होत्या, आणि तू गेलीस.

गिरजा. लिहायला बसलो म्हणून नाव आलं. तोंडानं कधी घेतलं नाही. लिहायला बसलं की चौथीपर्यंतच्या शाळेतली भाषा हाताशी येते, 'मला' आणि 'तुला'. बोलणं आपलं 'मले, तुले' तेच आहे. तू समजून घेशील. तू कुठल्या गावची, कोणाची लेक, किती लेकरं झाली, ते सगळं तेरवीच्या कार्डात छापलं आहे. ते पुन्हा लिहायचं बळ नाही. मला दुसरंच लिहायचं आहे, आणि ते कुठून धरावं हे समजत नाही.

मागापासून धरतो.

आपला हातमाग खड्ड्यातला. मी खड्ड्यात पाय सोडून बसायचो, तू पुढच्या सपरीत, पडवीत, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचीस. धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की माग थांबायचा, आणि खटखट थांबली की तू भरलेली कांडी आणून माझ्या हाताशी ठेवायचीस. मी 'दे' म्हटलं नाही, तू 'घ्या' म्हटलं नाही. तहान लागली तरी तेच. माग जरा जास्त वेळ गप्प राहिला की तू पाण्याचा गडवा घेऊन यायचीस. आपल्या गावात, अड्याळात, लोक म्हणायचे, यांच्या घरात भांडण ऐकू येत नाही. मला त्याचा गर्व होता. कोशाचं रेशमी धोतर विणावं तर मी, आणि घर चालवावं तर मी. अशा घरात एकाला मागावंच लागत नाही. दुसऱ्याचं काय होते, हा विचार शहात्तर वर्षांत मी केला नव्हता.

तुझं मागणं वेगळं. तू कधी 'आणा' म्हटलं नाही. 'घरात मीठ असतं तं भाजी झाली असती.' 'कोनी बाजारात गेलं असतं तं माह्या चष्म्याची दांडी बसवून आनली असती.' हा 'कोनी' म्हणजे मी. घरात दुसरा होता कोण?

मी खिजवायचो. "कोनी म्हंजे कोन वो? नाव नाई काय त्याले?"

तू पदर तोंडाला लावून हसायचीस आणि चरखा फिरवायचीस.

हे तुझं एकटीचं नव्हतं. माझी मायही माझ्या बापासमोर असंच बोलायची. भिंतीला सांगायची, बाप ऐकायचा. आपल्याकडे बायांनी घरच्या माणसाला 'हे करा' म्हणणं बरं दिसत नव्हतं. मी मीठ आणायचो, कारण मीठ नसलं तर माझीच भाजी अळणी. दांडीही बसवून आणली, कारण तुला दिसलं नाही तर कांडी नीट भरत नव्हती. पण ज्यानं माझं काही अडत नव्हतं ते मी सोडून द्यायचो. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होते. दर वर्षी तू म्हणायचीस, "कोनी मंडईत नेलं असतं तं दंडार पायली असती."

"असती-नसती कायले करतेस? जायचं असन तं जा."

"एकटी?"

"मंग नको जाऊ."

एवढ्यावर ते वर्ष संपायचं. मला वाटायचं, तुला तसं काही जायचं नाही, उगाच बोलून राहिलीस. ज्याला खरंच पाहिजे तो 'असतं तर' कशाला म्हणेल?

मग प्रणाली मोठी झाली. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याच वर्षी जन्मलेली आपली नात. तिची माय, आपली सुमन, ती तीन वर्षांची असताना गेली. बापानं दुसरं घर केलं. पोर आपल्याकडे आली ती आपलीच झाली. नर्सिंग शिकली, भंडाऱ्याला दवाखान्यात लागली, आणि एक दिवस म्हणाली, "आबाजी, मी जर्मन शिकून राहिली. तिकडं नर्सा पायजेत."

मी म्हटलं, "शीक." शिकणं वेगळं आणि जाणं वेगळं, असं माझं गणित.

दोन वर्षं तिनं मोबाइलवर क्लास केला. माग बंद पडून दहा वर्षं झालेली. ती त्याच्या आडव्या लाकडाला मोबाइल टेकवायची आणि खड्ड्याच्या काठावर मी बसायचो तिथं बसायची. मोबाइलमधून पुण्याची कोणी मॅडम बोलायची. तू सुपात तांदूळ निवडत ऐकायचीस. मी ऐकत नाही असं दाखवून ऐकायचो.

त्या दुपारचं सांगतो. प्रणाली तुला म्हणाली, "आजी, तू पेशंट हो. तू पलंगावर पडून आहेस, तुले पानी पायजे. काय म्हनशील?"

"कोनाले म्हनू?"

"मले. मी नर्स."

तू सूप बाजूला ठेवलंस, खरंच आडवी झालीस, आणि बारीक आवाज काढून म्हणालीस, "बाई, थोडंसं पानी भेटलं असतं तं..."

प्रणालीनं कपाळावर हात मारला. "आबाजी, आयकलं काय! मॅडम आठ दिवसांपासून हेच शिकवून राहिली. माह्या डोक्यात जाऊन नाई राहिलं. अन् आजीले पोटातूनच येते."

मग तिनं तुझं वाक्य त्यांच्या भाषेत म्हणून दाखवलं. इश हेटे गेर्न आइन ग्लास वासर. मी ते तिच्या वहीतून पाहून लिहून राहिलो. ती जर्मन शब्दांखाली आपल्या अक्षरांत उच्चार लिहून ठेवते. 'मले एक ग्लास पानी असतं तं आवडलं असतं', असं ते. पाणी समोर मडक्यात आहे, तहान खरी आहे, तरी असंच म्हणायचं. मॅडमनं सांगितलं होतं की क्रियापदाचं हे रूप दोन कामांना लागते. जे नाही ते 'असतं तर' म्हणून सांगायला एक, आणि जे पाहिजे ते अदबीनं मागायला दुसरं. रूप एकच. ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

मी बोललोच मग. "हे भीक मांगनं झालं. पानी पायजे तं पानी दे म्हनावं. असतं-नसतं कायले?"

प्रणाली म्हणाली, "आबाजी, तुमी तिकडं पेशंट राहाल ना, तं एक नर्स टिकनार नाई."

तू पडल्या पडल्या म्हणालीस, "इथं टिकली एक."

पोरगी हसून हसून खड्ड्यात पडायची राहिली. मी चिडलो. चिडलो की मी मुद्दा सोडत नाही. म्हटलं, "मंग तो बिमार मानूस मरून राहिला, तवा बी असतं-नसतंच करत बसते काय?"

"नाई आबाजी. तवा नुसतं 'हिल्फे' म्हनतात. मदत. बस."

"पाय! आलं का नाई सरळ बोलनं?"

तू उठून बसलीस आणि सूप ओढून घेतलंस. मला वाटलं मी जिंकलो.

त्यानंतर तू मुद्दाम करायचीस. 'इश हेटे गेर्न' म्हणून माझ्याकडे पाहायचीस आणि पुढचं आपल्या बोलीत, 'आल्याचा चहा.' चहा तूच करायचीस. आणि कप माझ्याच हातात द्यायचीस. दात पडलेल्या तोंडानं तुझं ते 'हेटे' नीट यायचं नाही, हवा निसटायची. प्रणाली म्हणायची, आजीचा उच्चार मॅडमपेक्षा बरा. मला राग यायचा. कशाचा ते आता शोधून राहिलो, सापडत नाही. तुम्ही दोघी एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला, त्याचाच असेल.

मग तिची परीक्षा झाली, पास झाली, तिकडच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. मी चौकात चहाच्या टपरीवर बसलो होतो. एक जण म्हणाला, "काय बुवा, नात जर्मनीले चालली म्हनते." मला कोणी विचारलंच नव्हतं. घरात ठरलं आणि गावाला कळलं, राहिलो मी. दहा माणसं ऐकून राहिली होती. मी म्हटलं, "कोनी सांगितलं? घरचे दोन म्हातारे टाकून परक्याच्या म्हाताऱ्यांचे पाय दाबायले माही नात जानार नाई. मी नाई म्हनतो."

चौकात बोललेलं मी मागं घेत नाही. तुला माहीत आहे. गावालाही माहीत आहे.

घरी आलो तर तुला आधीच कळलं होतं. प्रणाली ड्यूटीवर. तू तांदूळ निवडून राहिली होतीस. मग भिंतीकडे पाहून म्हणालीस, "पोरगी गेली असती तं सुमनच्या जिवाले बरं वाटलं असतं."

मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "तुले जे म्हनायचं असन ते सरळ म्हन. एक डाव सरळ म्हन."

"सरळ म्हटलं तं तुमी नाई म्हनान."

"म्हनीन. मंग?"

तू खडा काढून बाहेर फेकलास. "मंग ते नाई घेऊन मले याच घरात राहा लागते ना. तुमचं नाई एक डाव बाहीर पडलं का वापस जात नाई. म्हनून मी त्याले बाहीरच पडू देत नाई. असतं तं म्हटलं का तुमी न आयकल्यासारखं करता, तेवढंच. त्यात काई मोडत नाई."

"हा डरपोकपना झाला."

"असन."

"अन् परक्याच्या म्हाताऱ्यांचं करायले जानं चांगलं काय?"

"ते तिले पानी तं नीट मांगतील," तू म्हणालीस.

आपलं भांडण तिथंच राहिलं आहे. पुढं मी रोज उत्तरं जुळवायचो. कधी वाटायचं, तुला सांगावं की मी ऐकलं नाही असं नव्हतं, मला समजलंच नव्हतं. कधी वाटायचं, सांगावं की समजलं होतं. कोणतं खरं आहे हे मला अजून ठरवता येत नाही. चोपन्न वर्षं तू अदबीनं मागत होतीस आणि मी ते नसलेलं समजून ऐकत होतो, असं म्हटलं तर मी सुटतो. म्हणून त्या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रणालीनं माझ्याशी वाद घातला नाही. तिनं एवढंच म्हटलं, "आबाजी, तुमच्या तोंडून जा निघन तवाच मी जाईन. नाई तं नाई." माझीच नात ती. बोललेलं मागं घेत नाही.

दिवाळीत तुझा श्वास लागायला लागला. भंडाऱ्याला भरती केलं, छातीत पाणी झालं होतं, काढलं, घरी आणलं. डॉक्टरनं प्रणालीला बाजूला घेऊन काही सांगितलं. तिनं मला सांगितलं नाही, पण रजा टाकून घरी बसली. तेव्हा समजायला पाहिजे होतं.

त्या दिवशी ती औषधं आणायला पवनीला गेली होती. तू सपरीत खाटेवर, पाठीशी दोन उशा. बाहेर कोणाच्या तरी अंगणात धानाची मळणी चालू होती, भुसा उडत होता, मी दाराला धोतर बांधून आडोसा करून राहिलो होतो. तू म्हणालीस, "आयका."

मी थांबलो.

"पोरीले जा म्हना."

खरं लिहितो. मी मागं वळून पाहिलं, दारात कोण आलं म्हणून. तू कोणाला बोलून राहिलीस तेच मला उमगलं नाही. चोपन्न वर्षांत तू मला 'म्हणा' असं काही म्हटलं नव्हतं. दारात कोणी नव्हतं. तू माझ्याकडेच पाहत होतीस.

मी म्हटलं, "दवा घेतली काय दुपारची?"

"पोरीले जा म्हना."

दुसऱ्यांदा आवाज आणखी खाली गेला होता. तेवढं बोलायला तुला किती दम लागला ते दिसत होतं. आणि मी काय केलं? धोतराची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. मग पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि आतच उभा राहिलो. मडक्याजवळ. बाहेर आलो तेव्हा तू डोळे मिटले होतेस. मी गडवा खाटेखाली ठेवला.

तू सरळ मागितलंस आणि मी न ऐकल्यासारखं केलं. तुला मी 'नाही' म्हटलं नाही, हे खरं. पण 'हो' म्हणायला दोन दिवस होते माझ्याजवळ. दोन दिवस मी तुझ्या खाटेजवळून आलो-गेलो. पहिल्या दिवशी वाटलं, जरा बरी झालीस की सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर तुला समजेल की तू चालली आहेस म्हणून मी हो म्हणून राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. प्रणाली तुझा हात धरून होती. मी चौकात गेलो होतो, तंबाखू आणायला.

त्या तेरा दिवसांचं काही आठवत नाही. जेवण सरस्वतीच्या घरून यायचं. सरस्वती म्हणजे माझ्या पाठच्या, धाकट्या भावाची बायको, माझी भावसून. भिंतीला भिंत लागून घर. भाऊ जाऊन किती वर्षं झाली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. आपल्यात तशी रीतच आहे. तिला आमच्याकडून विळा पाहिजे असला तर ती तुला सांगायची, तू मला. मला तिच्याकडून काही निरोप असला तर मी तुला, तू तिला. बेचाळीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. तिचा आवाज मी अंधारातही ओळखीन, चेहरा कसा आहे ते मला नीट माहीत नाही. त्या दिवसांत ती डबा भिंतीवर ठेवायची आणि प्रणालीला हाक मारायची. तू नसल्यावर आम्हा दोघांच्या मधलं माणूसच उरलं नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. प्रणाली गेली नाही. जायचा दिवस जवळ आला होता, तिनं बॅग काढली नाही, मी विचारलं नाही. आता हेही लिहितो, कारण तुझ्याशी खोटं बोलून फायदा नाही. तू गेल्यावर मला ती आणखी पाहिजे होती. तू होतीस तेव्हा मी मानासाठी नाही म्हटलं. आता मी भ्यायलो होतो. सकाळी उठलं की ती चहा ठेवायची, त्याचा आवाज यायचा. तेवढ्यासाठी मी पोरीचं सगळं आयुष्य घरात ठेवून घ्यायला तयार होतो. ती आपणहून राहते तर राहू दे, मी काही बोललोच नाही, असा माझा हिशेब.

एका दुपारी ती कपडे धुवायला बसली होती आणि तिची वही मागावर पडली होती. मी उघडली. जर्मन मला येत नाही, पण आपलं लिहिलेलं वाचता येते. मागची पानं तुझी होती. तुझी वाक्यं तिनं जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि शेजारी जर्मन. 'कोनी मंडईत नेलं असतं तं.' 'माह्या बहिनीच्या घरी चिखल्याले एक डाव जाऊन आली असती तं.' 'आंब्याची डाल्ल अंगनात पडली आहे, कोनी उचलली असती तं.' ती फांदी मी कधी उचलली नाही, ती तिथंच सडली. वाचत गेलो. काही वाक्यं माझ्यासमोर बोललेली होती, काही मी कधी ऐकली नव्हती. एक होतं, 'जेवून उठल्यावर त्यायनं इचारलं असतं, तू जेवली काय, तं बरं वाटलं असतं.'

तू माझ्यानंतर जेवायचीस. भाजी उरायची की नाही मला माहीत नाही. मी कधी वळून पाहिलं नाही.

शेवटचं पान वेगळं होतं. सगळं जर्मनमध्येच, पत्रासारखं, खाली तिचं नाव. मी ते घेऊन नळावर गेलो. "हे काय आहे वो पोरी?"

तिनं हात पुसले नाहीत. "तिकडं पाठवाचं आहे. येत नाई म्हनून."

"पाठवलं?"

"उद्या पाठवते."

"वाचून सांग."

"आबाजी..."

"वाच म्हनतो ना."

तिनं एक ओळ वाचली. इश व्हेरे गेर्न गेकोमन. "मी खुशीनं आली असती."

"आली असती म्हंजे?"

"म्हंजे येत नाई."

साबणाचं पाणी नाल्याकडे वाहून राहिलं होतं. ती खाली पाहत होती. चोवीस वर्षांची पोर आणि खांदे तुझ्यासारखे खाली आलेले. मला वाटलं, या घरातल्या एका बाईचं सगळं आयुष्य 'असती'मध्ये गेलं, मी पाहत बसलो. आता दुसरीचं जाईल तेही मी पाहत बसणार काय? तुला द्यायचं होतं ते उत्तर तुला देता आलं नाही. ज्याच्यासाठी मागितलं होतंस ते माणूस तरी समोर होतं.

"तू जा," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "काय?"

"आयकलं ना. जा."

"तुमी चौकात नाई म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"मंग?"

"मंग काय? आता जा म्हनून राहिलो. चौकात बी सांगतो, पायजे तं."

मला वाटलं होतं ती आनंदानं उड्या मारेल. ती रडायला लागली, फेसाच्या हातानंच डोळे पुसायला गेली, डोळे आणखी झोंबले. मी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाली, "अन् तुमी? जेवान कुठी?"

"जेवीन."

"कुठी जेवान? चहा तरी ठेवता येते काय तुमाले? गॅस कोनत्या बाजूनं पेटते ते माहीत आहे काय?"

"शिकीन."

"या वयात! बह्याड झाले काय आबाजी? हात भाजून बसान, मी तिकडं कोनाचे पाय दाबू अन् इकडं पायता-पायता जीव जाईन माहा." मग नाक ओढून म्हणाली, "दोन वक्ताचं जेवन कुठं होईन ते पक्कं करा. कोनी तरी रोज तुमाले पायलं पायजे. ते झालं का मी हे पत्र फाडते. त्याच्याबिगर नाई."

तिचीही जिद्द मला माहीत होती. त्या संध्याकाळी प्रणाली म्हणाली, सरस्वतीशी मीच बोलून घेते. मी नको म्हटलं. का ते मलाही सांगता आलं नाही. आजवर माझ्यासाठी दुसऱ्यांनीच बोलून घेतलं होतं.

थकलो आता. हात दुखून राहिला. हे सगळं लिहून तुझ्यापर्यंत काय पोचणार, हे मला ठाऊक आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'कोनी हे आधी बोललं असतं तं.' बोललं असतं तर खरंच, गिरजा. त्यात मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

एवढं एक लिहायचं राहिलं. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि घराला वळसा घालून सरस्वतीच्या दारात गेलो. ती अंगण सारवून राहिली होती. मला पाहिलं तशी उठली, शेणाच्या हातानंच पदर पुढं ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. भिंतीला म्हणाली, "घरात कोनी नाई. पोरगा शेतावर गेला."

"मी पोराशी नाई, तुह्याशी बोलाले आलो," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला, चौकातल्यासारखा. जरा खाली आणला. "सरस्वती, पोरगी जर्मनीले चालली. मले दोन वक्त जेवाले घालशील काय?"

तिच्या हातातून शेणाचं पाणी टपकून राहिलं होतं. नाही म्हणायचा तिला पुरा हक्क होता. मी तिथंच उभा राहिलो, ती काय म्हणते ते ऐकायला.